पालकांचा व्यवसाय : नील

स्वागत समारंभाच्या आठ दिवस आधी मी ऑफिसकडून बीबीएच्या पहिल्या वर्षाचे सगळे प्रवेश अर्ज मागवले. हेड क्लार्कनी दोन फायली टेबलावर ठेवल्या आणि काळजीने विचारले, "मॅडम, कुणाची तक्रार आलीय का?" त्यांचा दोष नाही. संस्थेचा अध्यक्ष कॉलेजात येतो तो सभेला, झेंडावंदनाला आणि स्नेहसंमेलनाला. अर्ज वाचायला सहसा कुणी येत नाही.

अध्यक्ष म्हणून नव्या मुलांचे स्वागत करण्याचे माझे हे तिसरे वर्ष. आधीची दोन वर्षे मी तयार करून दिलेले इंग्रजी भाषण वाचले होते. उद्याचे नेते, जागतिक दर्जा, आपला बिझनेस स्कूल परिवार. वाचता वाचता मान वर करून पाहावे तर समोरच्या एकाही चेहऱ्यावर काही उमटलेले दिसत नसे. दोन्ही वेळा घरी जाताना मला वाईट वाटले. गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतली ही मुले. कितीतरी जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. त्यांना पहिल्या दिवशी आपण काय दिले? म्हणून यंदा भाषण स्वतः लिहायचे ठरवले, आणि कुणाशी बोलायचे आहे हे कळावे म्हणून अर्ज मागवले.

नाव, पत्ता, बारावीचे गुण सोडून मी एकच रकाना वाचत गेले. 'पालकांचा व्यवसाय'. सर्व्हिस, ड्रायव्हर, टॅक्सी, शेती, बिझनेस. आणि सहा अर्जांत 'नील', म्हणजे काहीच नाही. त्यातला एक अर्ज मी परत परत पाहिला. वडील हयात नाहीत. आईच्या नावापुढे 'नील'. पत्त्यातला वाडा, म्हणजे वस्ती, माझ्या माहितीचा. त्या वाड्यावरच्या बायका वर्षानुवर्षे खाजे करतात. बेसनाचे बोटाएवढे तुकडे तळून आले-तीळ घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायचे, आणि देवळाची जत्रा असो की चर्चचे फेस्त, तिथे मांड घालून विकायचे. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत मी त्यांच्याकडून खाजे घेतले आहे. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्तालाही त्याच बायका दिसतात. या बाईंचा व्यवसाय नील कसा?

मला त्या मुलीचा राग आला नाही. बिझनेस शिकायला आलेल्या मुलीला आईचा धंदा हा बिझनेस वाटत नाही, यात तिच्यापेक्षा आमची चूक मोठी आहे असेच मला वाटले.

इथे माझ्याबद्दल थोडे सांगायला हवे. मी १९८३ ची बी.कॉम. गोवा विद्यापीठ १९८५ चे, त्यामुळे माझ्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचे नाव आहे. पुढची जवळजवळ तीस वर्षे मी डिचोलीत हिशेब लिहिले, त्यातले बहुतेक ट्रकवाल्यांचे. खाणीवरून धक्क्यापर्यंत खनिजाच्या खेपा मारायच्या, तिथून बार्जने माल मुरगाव बंदराला. दिवसाच्या खेपा गुणिले दर, त्यातून डिझेल, ड्रायव्हर, बँकेचा हप्ता वजा. खाली आकडा उरलेला दिसला की माणूस दुसरा ट्रक घ्यायचा. पावसाळ्यात वाहतूक बंद असते, ते महिने कुणी नीट धरत नसे. टायर धरत नसे. स्वतःची मेहनत तर कुणीच धरत नसे. मी लिहीत गेले. विचारले नाही. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. पुढे त्या थोड्याफार सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर परत बंद पडल्या. २०१२ च्या त्या पावसात एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले, ट्रकची चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हिशोब बरोबर आशिल्लो न्हय गो बाय?" हिशेब बरोबर होता, गं बाई? बेरीज बरोबर होती. चावीला लाल दोऱ्यात ओवलेला देवाचा ताईत होता, तो मला अजून दिसतो.

तर हे सगळे डोक्यात घेऊन मी भाषण लिहायला बसले. आधी मराठीत, वहीत, पेनाने.

'परिवार' हा शब्द मात्र मी काढला. त्याच्या जागी गांवकारी घातली. व्यवसाय करणाऱ्यांचा समुदाय म्हणजे काय हे गोव्याच्या मुलाला सांगायचे तर आपल्याकडे पोर्तुगीज येण्याच्याही आधीची ही व्यवस्था आहे. जमीन गावाची. शेतांची पावणी करायची, म्हणजे लिलाव. आलेल्या पैशांतून आधी बांध आणि मानशी, म्हणजे बांधांतली पाण्याची दारे, दुरुस्त करायच्या, देवळाचा खर्च काढायचा, आणि उरेल त्यातून गांवकारांना जोण वाटायची. आज आपण ज्याला डिव्हिडंड म्हणतो तीच ही जोण. तिच्यात बायकांचा वाटा नसे, हेही मी लिहिले. आपल्या जुन्या गोष्टी सांगताना त्यांतले उणेही सांगावे असे मला वाटते.

समारंभाचा दिवस जुलैतला. सकाळपासून धुवांधार पाऊस. हॉलच्या दारात छत्र्यांचा ढीग, फरशीवर पाणी, आणि पालक सगळे मागच्या रांगांत. पुढे खुर्च्या रिकाम्या होत्या तरी पुढे कुणी येत नव्हते. लग्नाला नेसायच्या साड्या नेसून आलेल्या बाया पदराने हात पुसत भिंतीकडेला बसल्या होत्या. समई पेटली, प्राचार्य बोलले, एका कंपनीतून आलेले पाहुणे बोलले. मग मी उभी राहिले.

गांवकारीचे सांगून झाल्यावर मी फळ्याकडे गेले. म्हटले, आता आपण एक धंदा मांडून पाहू. खाज्याचा. कुणाचे नाव घेणार नव्हतेच, आणि त्या मुलीकडे पाहायचेही नाही असे ठरवले होते. सोपे जावे म्हणून गोल आकडे घेतले. एक किलो खाज्याला बेसन, गूळ, तेल, आले, तीळ आणि गॅस मिळून १२० रुपये. विक्री २४० रुपये. उरले १२०. "म्हणजे निम्मा नफा," मी म्हटले. "कुठल्या मोठ्या कंपनीला एवढे सुटते सांगा!" मुले हसली, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

मागून आवाज आला, "मॅडम, तुमी मजुरी धरूंक ना." तुम्ही मजुरी धरली नाही.

मी वळून पाहिले. शेवटून दुसऱ्या रांगेत एक बाई उभ्या राहिल्या होत्या. निळी साडी, हातात अजून ओली छत्री. हॉल शांत झाला. त्यांनी विचारले, "हांवें उलयलें जाल्यार चलता?" मी म्हटले, "बोला ना, तुम्हीच बोला."

आणि त्या बोलल्या. पाक उतरवायची वेळ चुकली की अख्खी कढई वाया, म्हणून एकटीने होत नाही, दोघी लागतात. त्या दोघींची मजुरी. किलोला किती? त्यांनी क्षणभर विचार करून सांगितले, "चाळीस." मी फळ्यावर ४० लिहिले. जत्रेत बसायच्या जागेची पावणी होते, चांगल्या जागेला चढाओढ लागते. वर पिकअपचे भाडे, आणि रात्रभर मालाजवळ कुणीतरी जागायचे. तीस. जत्रेवरून परत आलेले खाजे दुसऱ्या जत्रेपर्यंत टिकले तर ठीक. हवेत दमटपणा असला की ते मोव पडते, मऊ, आणि मऊ खाजे कुणी घेत नाही. त्याचे पंधरा. गूळ दुकानदाराकडून उधार घ्यायचा, पहिल्या मोठ्या जत्रेनंतर पैसे द्यायचे, म्हणून तो रोखीच्या भावाने मिळत नाही. दहा.

मी बेरीज केली. ९५. उरले २५.

त्या अजून बसल्या नव्हत्या. म्हणाल्या, "आनी पावसांत जात्रा ना." चार-पाच महिने खाजे नाही. त्या पंचविसांतून ते महिने.

मी खडू हातात धरून तशीच उभी होते. दहा मिनिटांपूर्वी मीच सांगितले होते की आधी बांधाचा खर्च, मग जोण. ट्रकवाल्यांचे ते सगळे हिशेब डोक्यात असताना, तोच धडा मुलांना द्यायचा म्हणून फळ्याकडे गेलेली मी, आणि मजुरी मीच सोडली. पावसाळाही सोडला. मी त्यांना तसे सांगितले. म्हटले, "तुमचे बरोबर आहे. माझ्याकडून तीच चूक परत झाली." आणि मुलांना २०१२ ची ती चावीची गोष्ट सांगितली, जी मी वहीत लिहून मग खोडली होती. मुलांपैकी बऱ्याच जणांच्या अंगणात असा ट्रक गंजत उभा राहिलेला असणार. त्यांना समजवावे लागले नाही.

त्यानंतर मुले आपापली बोलू लागली. एक म्हणाला, आमच्या टॅक्सीचेही असेच, पर्यटनाचा हंगाम सरला की हप्ता कुठून भरायचा. एका मुलीने विचारले की मजुरी धरली तर भाव वाढवावा लागेल, मग गिऱ्हाईक बाजूच्या मांडाला जाईल, त्याचे काय? पहिल्याच दिवशी हा प्रश्न! वर्किंग कॅपिटल, हंगामी धंदा, उधारीची किंमत, बाजारभाव हे सगळे आमच्या प्राध्यापकांना तीन वर्षे शिकवायचे आहे, आणि अर्ध्या तासात त्याची दारे उघडली ती मागच्या रांगेतून. प्राध्यापकांपैकी दोघे वही काढून आकडे उतरवून घेत होते.

ती मुलगी कोण ते मला खाली मान घातलेली पाहून कळले. तिसऱ्या रांगेत होती. आई बोलायला उठली तेव्हा ती इतकी आक्रसली की माझ्या पोटात धस्स झाले. मी नाव घेतले नव्हते, पण धंदा मीच निवडला होता, तिचा अर्ज वाचून निवडला होता. एखाद्या पोरीची झाकलेली गोष्ट तिच्या वर्गासमोर उघडी करायचा मला काय अधिकार? भाषण लिहिताना हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. त्या दिवसाची मला खरी बोच आहे ती याचीच. पुढे चांगले घडले म्हणून ती जात नाही.

कार्यक्रम लांबला. पाहुण्यांना पणजीला परतायचे होते, ते मध्येच निघाले. चहाच्या वेळी संस्थेच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला बाजूला घेतले. "बाई, बिझनेस स्कूलच्या स्वागताला खाज्याचा हिशेब बरा दिसतो का? साखळी शहराच्या पलीकडे एवढी मोठी संस्था आहे, मुले तिच्याशी आपली तुलना करतात." ते बोलत होते ते पर्येच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटबद्दल. १९९३ साली रायबंदरच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत सुरू झालेली ती संस्था आज डोंगरावरच्या मोठ्या आवारात आहे, देशभरातून मुले तिथे येतात, आणि त्याचा मला अभिमान आहे. मी त्यांना एवढेच म्हटले की आपल्या मार्केटिंगच्या तासाला भौगोलिक मानांकन शिकवतात. फेणीला ते २००९ साली मिळाले, गोव्याच्या खाज्यालाही मिळाले आहे. परीक्षेत पोरे ते लिहून गुण मिळवतील. आणि जिच्या घरी ते खाजे होते, ती अर्जात 'नील' लिहिते. हे मला बरे दिसत नाही. त्यांना पटले असे म्हणवत नाही. चहा मात्र त्यांनी माझ्याबरोबरच घेतला.

हॉल रिकामा होत आला तेव्हा त्या बाई दाराशी छत्री उघडत होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. ऑफिससाठी दोन किलो खाजे हवे म्हटले. त्या हसल्या. "आतां ना. पावस सरूंदी." पाऊस सरू दे. मग थोडे थांबून म्हणाल्या, फळ्यावर मजुरी लिहिली ते बरे केले, घरी सासूला सांगते. सासूही करत आल्या तेच, आणि इतक्या वर्षांत त्यांची मजुरी कुणी धरली नाही.

चारच्या सुमारास मी ऑफिसात होते. ती मुलगी दारात येऊन उभी राहिली. हेड क्लार्कना म्हणाली, अर्जात एक दुरुस्ती करायची आहे. त्यांनी सांगितले की प्रवेश बंद झाले, माहिती ऑनलाइन पुढे गेली, आता तिथे काही बदलता येणार नाही. ती परत फिरायला लागली.

मी म्हटले, "कागदावर करता येईल. मी सही करते."

फाइल काढली. अर्ज सापडायला थोडा वेळ लागला. तिने 'नील'वर पट्टी धरून एक रेघ मारली, वर जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरांत लिहू लागली. 'खाजे करून' एवढे लिहून थांबली आणि मला विचारले, "मॅडम, 'करून विकते' लिहू की 'उत्पादन व विक्री'?"

"तुला काय वाटते?"

तिने जरा विचार केला. "दोघी करतात. आजी आणि आई." मग लिहिले : 'खाज्याचे उत्पादन व विक्री, दोन कामगार'.

मी बाजूला सही केली आणि तारीख घातली.