वॉशर-ड्रायर एकत्र की वेगवेगळं?
फोंड्यात पावसाळ्यात जीन्सची कंबरपट्टी तिसऱ्या दिवशीही दमट लागते आणि तशीच कपाटात गेली की बुरशीचा वास येतो, त्यामुळे ड्रायर हवाच. कॉम्बोने, म्हणजे धुणं-वाळवणं एकाच मशीनमध्ये, जागा वाचते हे मान्य, पण ८ किलो धुणारी मशीन वाळवते साधारण ५ किलोच, म्हणजे उरलेले ओले कपडे बाहेर काढून ठेवा आणि आतले वाळेपर्यंत दुसरा लोड लावताच येत नाही, गणेश चवथीला घर भरलेलं असताना चादरी-टॉवेलांचं काय करणार सांगा! बऱ्याच कॉम्बोत वाळवतानाही पाणी खर्च होतं. मी वेगवेगळ्याच घेतेय, फ्रंट लोडवर स्टॅकिंग किट लावून वर हीट पंपचा (तीच गरम हवा आत फिरवत वाळवणारा) ड्रायर, महाग आहे पण वीज कमी खातो आणि गरम हवेचा पाइप बाहेर काढावा लागत नाही. एकटं राहणाऱ्यांनी मात्र कॉम्बो खुशाल घ्या.