आमची वाटचाल : तीन पिढ्या आणि एक माऊजर

दुकानाबद्दल लिहा म्हणून मुलगा मागे लागलाय, म्हणून लिहितोय. आजोबांनी सुरू केलं, अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, वाढवलं, मी चालवतोय. बंदूक दुरुस्ती, लायसन्सवाली. सोलापूर म्हटलं की लोकांना चादरी आणि शेंगाचटणीच आठवते, आमचा धंदा कुणाला माहीतच नाही.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. बारा बोअरची बंदूक यायची, .315 ची रायफल यायची, घोडा बसत नाही, स्प्रिंग मेली, दस्ता चिरला, केलं आणि दिलं. सांगायची आहे ती 72 च्या आधीची गोष्ट, मी पाचवीत होतो तेव्हाची.

अक्कलकोटकडचे एक इनामदार होते, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे साधी माऊजर 98, आठ एमएमची रायफल, मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, ओढून काडतूस भरायची. कर्नाटकात गव्याच्या शिकारीचं परमिट मिळालं होतं, तर म्हणाले हिला .375 मॅग्नम, म्हणजे जास्त लांब-जाड काडतुसाची, करून द्या. अण्णांनी काडतूस मागितलं, व्हर्नियर लावला. .375 ची लांबी साडेएक्क्याण्णव एमएमच्या आसपास आणि साध्या माऊजरचं मॅगझिन चौऱ्याऐंशीचं, म्हणजे सात-आठ एमएम आणायचे कुठून? पुढचा रॅम्प, म्हणजे काडतूस नळीत सरकायचा उतार, तासूनच ना. आणि तिथेच बोल्टच्या खालच्या लगला, म्हणजे बार होताना बोल्ट अडवून धरणाऱ्या कानाला, टेकू देणारं लोखंड असतं. बोल्टचं तोंडसुद्धा बारा एमएमचं साडेतेरा करायचं, ते जमतं, पण टेकूचं लोखंड गेलं की गेलं, ते परत येत नाही. अण्णा म्हणाले, मालक, मी हात लावणार नाही.

शहरातल्याच दुसऱ्या एका कारागिरानं लावला. नाव घेत नाही, त्यांची नातवंडं चांगली आहेत. नळी त्यांची, तासकाम त्यांचं, फक्त दस्ता आमच्याकडे आला, कारण अण्णांसारखा दस्ता तेव्हा कुणी बसवत नव्हतं. आई समईवर ताटली धरून काजळ पाडून द्यायची, ते ॲक्शनच्या, म्हणजे बोल्ट बसतो त्या लोखंडी सांगाड्याच्या, बुडाला फासायचं, दस्त्यात दाबायचं, उचलायचं, जिथे काळा डाग तिथेच पटाशीनं कागदाएवढी साल काढायची, परत काजळ. चार दिवस हेच. मी कंदील धरून उभा, हात हलला की टप्पल. मोठ्या बाराचा धक्का सोसायला दस्त्याच्या लाकडात आडवा बोल्ट पण टाकला.

वीस-बावीस बार झाले आणि बोल्ट उचलेना, हातोडीनं ठोकून उघडायला लागला. आणि गावभर काय झालं? आम्ही दस्ता सैल बसवला म्हणून रायफल बिघडली!! दहा-अकरा महिने दुकानात कुत्रं फिरकलं नाही, आईच्या पाटल्या गेल्या, अण्णा मिलमध्ये फिटर म्हणून जायच्या तयारीत होते.

इनामदार मात्र रायफल घेऊन सरळ आमच्याच दारात. म्हणाले, "लोकं काय बी बोलूलालेत, तू बघ." अण्णांनी नो-गो गेज, म्हणजे काडतुसाच्या जागेत फाजील मोकळीक आहे का ते बघायचा तुकडा, चेंबरमध्ये टाकला. त्यावर बोल्ट मिटायलाच नको, तो लोण्यासारखा मिटला. खालच्या लगची बैठक मागे दबली होती. उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या केसेसवर, बुडाजवळच्या उंच पट्ट्याच्या, म्हणजे बेल्टच्या, जरा पुढे चकचकीत कडं, म्हणजे पितळ तिथे फाटायच्या बेतात. अजून पाच बार मारले असते तर मालकांचा डोळा गेला असता. इनामदारांनी त्या केसेस खिशात घालून चार माणसांना दाखवल्या, पण ज्यांनी बोंब मारली त्यातला एकही सॉरी म्हणायला आला नाही. आजपर्यंत नाही.

ती ॲक्शन भंगारात गेली. इनामदारांनी दुसरी माऊजर घेतली, अण्णांनी तिला 9.3 बाय 62 ची नळी लावली. हे काडतूस 1905 चं, ऑटो बॉक नावाच्या जर्मन बंदूकवाल्यानं साध्या माऊजरमध्ये मावेल असंच बनवलेलं, बूड तेच बारा एमएमचं, लोखंडाला कानस लावायची गरज नाही. अमेरिकेत 1956 ला .458 चं काडतूस काढलं तेसुद्धा साध्या ॲक्शनच्या लांबीतच. शहाण्या माणसांनी काडतूस ॲक्शनप्रमाणे केलं, आमच्याकडे उलटं. आणि ती रायफल तयार झाली तोवर 72 चा वन्यजीव कायदा आला, गवा राहिला जंगलात. ती फक्त टार्गेटवर चालली, दसऱ्याला पूजेला यायची.

आता बोअर बदलून द्या म्हणून कुणी आलं की मी आधी लायसन्स बघतो आणि चहा पाजून परत पाठवतो. आर्म्स ॲक्टचं कलम 5 वाचा जरा, नुसती दुरुस्ती करायलासुद्धा लायसन्स लागतं. आणि एक, बंदूक लेदर कव्हरमध्ये वर्षभर कोंडून ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि नळीला गंज चढतो, मग आमच्याकडे येऊन बिल जास्त का म्हणून भांडू नका.

सध्या काम म्हणजे इलेक्शनच्या आधी ठेवायला आलेल्या बंदुका आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतल्या फुगेवाल्यांच्या एअरगन. स्प्रिंग आणि चामड्याचा वॉशर. परवा त्या कारागिराचा नातू एक घेऊन आला. त्याच्या आजोबांची गोष्ट त्याला माहीत नसावी. वॉशर बदलला, पैसे पूर्ण घेतले.

नो-गो गेज अजून गल्ल्यात आहे, तेलाच्या फडक्यात.