कुकर लावणं

रविवार, दुपार

आजचा कुकर लेकानं लावला. मी ओट्याला हातही लावला नाही.

आपल्याला हे एक काम वाटतं. त्याच्यासाठी सुटं करून लिहिलं तर पान भरलं: तांदूळ मोजणं, धुणं, दुप्पट पाणी, डाळीत हळद-हिंग, कुकरच्या तळाला पाणी, रिंग, शिट्टी, मग गॅस. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आणि एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं, चंचलपणा) दोन्ही आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निकषांत २०१३पर्यंत ही दोन निदानं एकत्र करायला परवानगीच नव्हती. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, एडीएचडीचं नाव नाही. ओट्यापाशी मात्र दोन्ही एकदमच येतात. क्रम जराही बदललेला चालत नाही, आणि तांदूळ धुता धुता नळाच्या धारेत तो रमून जातो, पुढचं राहूनच जातं.

शिकवलं ते शेवटाकडून. आधी फक्त भात वाढणं त्याच्याकडे, बाकी सगळं माझ्याकडे. मग वाफ गेल्यावर झाकण काढणं, मग गॅस बंद करणं, असं मागे मागे. थेरपिस्ट याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. मला यातलं फार आवडतं ते हे, की पहिल्या दिवसापासून काम त्याच्याच हातून पुरं होतं आणि समोर गरम भात असतो.

तोंडानं सांगणं बंद केलंय. ‘आता हळद’ म्हटलं, की पुढच्या वेळी तो ते ऐकू येईपर्यंत थांबून राहतो. त्यापेक्षा भिंतीवर फोटोंची पट्टी आहे, मी नुसतं बोट दाखवते. आता तेही क्वचितच.

शिट्टीचा आवाज त्याला सोसत नाही. कानांवर हेडफोन लावून तो दारात उभा राहतो आणि वाफ उसळली की पाटीवर रेघ ओढतो. तीन रेघा, गॅस बंद.

साताऱ्याला आजीकडे मात्र अडला. तिथला कुकर बाहेरच्या झाकणाचा. एका घरात शिकलेलं दुसऱ्या घरात आपोआप येत नाही, तिथे पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणते, “अगं, केवढा वेळ लावतो! दे, मी करते.” तिला सांगितलंय, त्याच्या हातातून झाकण घेऊ नकोस, जेवायला तीन वाजले तरी चालतील. आमच्यानंतर त्याचं कसं, हा प्रश्न तिलाही पडतो. मग त्याचं उत्तर आत्ताच, त्याच्या गतीनं द्यायला हवं.

मे महिना साताऱ्यालाच काढायचं ठरवलंय. त्याआधी तिच्या कुकरचे फोटो मागवून नवी पट्टी करायची आहे.