आधी काम, मग चेहरा

शाळांमध्ये जाऊन विज्ञानाचे उपक्रम घेणे हे माझे काम आहे, आणि एखाद्या वर्गाशी पहिली ओळख होताना मी मुलांना बहुतेक वेळा एक चित्र काढायला सांगते. विज्ञानात संशोधन करणारी कुणीही व्यक्ती काढायची आणि ती त्या क्षणी नेमके काय करत आहे, हे खाली एका ओळीत लिहायचे, एवढीच सूचना असते. ही कल्पना माझी नाही. डेव्हिड वेड चेंबर्स यांनी १९६६ ते १९७७ या काळात बालवाडी ते पाचवीच्या ४८०७ मुलांकडून अशी चित्रे काढून घेतली आणि १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत स्त्री-वैज्ञानिकाची चित्रे अवघी २८ होती आणि ती सगळी मुलींनी काढलेली होती. पांढरा कोट, चष्मा, दाढीमिशा, उपकरणे, पुस्तके अशा ठरावीक खुणांची त्यांनी यादी केली होती, आणि लहानग्यांच्या चित्रांत तुरळक दिसणाऱ्या या खुणा वरच्या इयत्तांत वाढत जातात, असे त्यांना आढळले. त्यानंतर परिस्थिती बदलली आहे. अमेरिकेतील पाच दशकांच्या अशा अभ्यासांचा २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा १९८५ नंतरच्या चित्रांत स्त्रियांचे प्रमाण सरासरी २८ टक्क्यांपर्यंत पोहोचलेले दिसले. मात्र मुले मोठी होतात तसे ते घटते, हेही त्याच आढाव्यात आहे.

ज्या दिवसाविषयी लिहायचे आहे त्या दिवशी पाचवीच्या वर्गात कोट आणि चष्मे अपेक्षेप्रमाणे भरपूर होते. मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही, कारण डॉक्टर काढताना गळ्यात स्टेथोस्कोप काढावा तसे मुले ओळखू येईल असे काहीतरी काढतात, आणि चित्रातल्या कोटावरून मुलाच्या मनातले सगळे कळते असे मी मानत नाही. मला खटकतात त्या खालच्या ओळी. ‘औषध मिसळत आहे’, ‘शोध लावत आहे’, ‘आता स्फोट होणार’. ही व्यक्ती कशाच्या मागे लागली आहे आणि तिला काय कळत नाही, याचा त्यांत मागमूस नसतो.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे भिंतीवर वेगवेगळ्या वैज्ञानिकांची छायाचित्रे लावणे. त्या तक्त्यांवर नावाखाली बहुधा ‘पहिली महिला’ किंवा ‘अपंगत्वावर मात करून’ असे काहीतरी छापलेले असते, आणि मूल त्यातून इतकेच शिकते की ही माणसे अपवाद आहेत. म्हणून मी क्रम उलटा ठेवते. प्रत्येक गटाला एक पाकीट मिळते. त्यात फक्त कामाचे वर्णन असते. नाव, छायाचित्र, देश यांतले काहीही नसते. ही व्यक्ती कुठे बसत असेल, तिच्या हातात काय असेल, तिला कोणती अडचण येत असेल, हे गटाने ठरवायचे आणि त्यानंतरच नाव सांगायचे.

पहिली दोन पाकिटे पटकन उलगडली. मक्याच्या दाण्यांवरच्या रंगीत ठिपक्यांवरून जनुके आपली जागा बदलतात हे ओळखणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांच्याविषयी मुलांनी ‘शेतकरी असावा’ असा अंदाज केला, आणि कामाच्या दृष्टीने तो फारसा चुकीचा नव्हता, कारण आपली रोपे त्या स्वतः वाढवत. चिनी संशोधिका तू यूयू यांच्या पाकिटाने मात्र वर्ग थोडा थबकला. एका फार जुन्या चिनी ग्रंथात वनस्पती पाण्यात भिजवून रस पिळून घ्यायला सांगितले आहे, हे वाचून त्यांना शंका आली की उष्णतेने औषध नष्ट होत असावे. त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला, स्वतः घेऊन पाहिला, आणि पुढे हिवतापावरच्या या औषधासाठी २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ‘स्वतः का घेतला? उंदीर संपले होते का?’ असे एकीने अत्यंत गंभीरपणे विचारले.

तिसऱ्या पाकिटातली व्यक्ती समुद्री गोगलगाईंचे शंख तपासते आणि खेकड्यांसारख्या भक्षकांपासून वाचण्यासाठी ते कोट्यवधी वर्षांत कसे अधिकाधिक मजबूत होत गेले, याचा अभ्यास करते. गटाने तिला जाड चष्मा आणि मोठे भिंग दिले. मग मी सांगितले की गेरात व्हर्माय वयाच्या तिसऱ्या वर्षापासून पूर्णपणे अंध आहेत आणि शंखांवरून बोटे, नखे व सुई फिरवून काम करतात. वर्गात कौतुकाचे उद्गार निघाले, पण त्या गटातला एक मुलगा हटून बसला. ‘ताई, मग ते निरीक्षण नाही. दुसरं कुणीतरी बघून त्यांना सांगत असणार.’

त्याला शब्दांनी उत्तर देण्यात अर्थ नव्हता. माझ्याकडे शंखांची पिशवी होती. गटाने आधी प्रत्येक शंख डोळ्यांनी पाहून दिसेल ते लिहायचे आणि मग डोळे मिटून, नखाच्या टोकाने, तोच शंख पुन्हा तपासायचा, असे ठरले. कागदावर रंग, ठिपके, आकार एवढेच उतरले होते. डोळे मिटल्यावर त्याच मुलाचे नख शंखाच्या शेवटच्या वेढ्यावर एका ठिकाणी अडले. तो मागे गेला, पुन्हा पुढे आला, पुन्हा तिथेच अडला. वाढीच्या बारीक, समांतर रेषांना छेदून जाणारी एक वेडीवाकडी कड तिथे होती. डोळे उघडून त्याने शंख खिडकीकडे तिरका धरला तेव्हा कुठे ती दिसली. ठिपक्यांच्या नक्षीत ती पूर्ण हरवून गेली होती.

ती कड म्हणजे भरून आलेला घाव. खेकडा शंखाच्या तोंडाची कड मोडतो. आतला जीव वाचला तर तो नवे कवच तयार करतो, पण मोडल्याची रेष कायम राहते. असे घाव मोजून भक्षकांच्या हल्ल्यांचा अंदाज घेता येतो, असे मी सांगत असतानाच तो मुलगा म्हणाला, ‘पण ज्याच्यावर घाव नाही, त्याच्यावर हल्लाच झाला नाही की दुसऱ्या कुणावर झाला आणि तो मेला? मेलेल्याचा घाव भरणारच नाही.’ मी बोलायची थांबले. घाव फक्त फसलेल्या हल्ल्यांची नोंद ठेवतात. ते वाढलेले दिसले तर हल्ले वाढले की शंख अधिक चिवट झाले, हा या अभ्यासातला खरा पेच आहे, आणि थोड्या वेळापूर्वी या संशोधनाला निरीक्षण म्हणायलाही तयार नसलेला मुलगा आपल्या पायांनी तिथवर चालत आला होता.

व्हर्माय यांना शंखांचा नाद कसा लागला ते मी त्यानंतरच सांगितले. ते चौथीत असताना त्यांच्या बाईंनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचे शंख वर्गात मांडले होते आणि त्यांनी ते हाताळून पाहिले. आधी सांगितले असते तर ती एका थोर माणसाची गोष्ट झाली असती. आता मुले तिच्याकडे ओळखीच्या नजरेने पाहत होती.

शेवटी पुन्हा चित्रे काढली. वर्गशिक्षिकांना आधीच्या आणि नंतरच्या चित्रांतल्या स्त्रियांची संख्या हवी होती, ती मी दिली; ती वाढली होती, पण नुकतीच नावे ऐकलेली मुले ती काढणारच, म्हणून तासाभरानंतरच्या अशा वाढीवर माझा फारसा विश्वास नाही. मी त्यांना खालच्या ओळी वाचायला सांगितल्या. त्या मुलाने पुन्हा कोट आणि चष्मा घातलेला पुरुषच काढला होता, आणि खाली लिहिले होते, ‘हे मेलेले शंख मोजत आहेत पण निम्मे सापडत नाहीत.’

पुढच्या वेळी मातीतल्या बुरशीवर काम करणाऱ्या एक संशोधिका त्या वर्गात येणार आहेत. पुरस्कारांची चित्रफीत दाखवू का, असे त्यांनी विचारले होते. मी त्यांना नोंदींची वही आणायला सांगितले आहे, शक्यतो खाडाखोड असलेली.