मोटर, बेडूक की आणखी कोण? दाजीपूरची एक रात्र

"दाजी, तुमच्या नावाचं गाव हाय की तिकडं, आणि तुम्हीच गेला न्हाईसा अजून?" मेहुण्यानं वर्षभर हाच विनोद पुरवून पुरवून वापरला. शेवटी मेच्या पहिल्या आठवड्यात त्याला गाडीवर मागं बसवलं आणि दाजीपूरला घेऊन गेलो. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्या कोल्हापूरकडं बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. गावाचा आणि माझा काही संबंध नाही.)

साने गुरुजी वसाहत मागं पडली, पुईखडीचा चढ संपला आणि मग हळदी, परिते असं करत ऊसच ऊस. मेहुणा शेतकरी माणूस. वाटेत प्रत्येक फडाला त्यानं मार्क दिले. राधानगरी धरणापाशी चहाला थांबलो. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण आता उन्हाळ्यानं खाली गेलेलं होतं. पावसाळ्यात याचे सात स्वयंचलित दरवाजे म्हणजे सगळ्या कोल्हापूरचा जीव की प्राण असतो. "किती उघडले?" एवढंच विचारलं तरी कळतं, कशाबद्दल चाललंय ते. पुढं जंगल सुरू होतं. महाराजांची ही शिकारीची जागा, १९५८ साली अभयारण्य झालेली. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला त्यात राधानगरीही आहे.

गवे दिसले. लांबून, पण चांगला आठ-दहाचा कळप होता. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन, कारण या सहलीत माझ्या डोक्यात राहिलेलं जनावर वेगळंच आहे, आणि ते मला दिसलंच नाही.

रात्री अभयारण्यात थांबता येत नाही, म्हणून गावाच्या कडेला एका घरी मुक्काम केला. संध्याकाळी वळीव आला. पाऊण तास असा काही कोसळला की अंगणातली बाज आत घ्यायलाही सवड मिळाली नाही. मग लाईट गेली. मावशींनी कंदिलाच्या उजेडात नाचणीची भाकरी, खर्डा आणि पांढरा रस्सा वाढला. जेवून आम्ही सोप्यात बसलो. मोबाईलला रेंज नव्हती, बोलण्यासारखंही फारसं उरलं नव्हतं. मग कान आपोआप उघडले.

आधी रातकिडे. त्यांच्यावर, पावसानं जागे झालेले झाडावरचे छोटे बेडूक, टिक-टिक करणारे. मध्येच पावशा. होय, रात्री साडेनऊला. हा पक्षी उन्हाळ्यात रात्रीही "पेर्ते व्हा" म्हणत बसतो, शेतकऱ्याला झोपू देत नाही. कुठंतरी रातवा, हाही रात्रीचाच पक्षी, लाकडावर टिचक्या मारल्यासारखा वाजत होता. इथवर मी ओळखत होतो आणि मेहुण्याला जरा भाव खात सांगतही होतो.

मग उताराकडच्या झाडीतून आलं: कू-ऊक. कू-ऊक. कू-ऊक.

दोन सुरांचं, मऊ, दुसरा सूर किंचित वर उचललेला. प्रत्येक दोहोंत तेवढंच अंतर, घड्याळ लावल्यासारखं.

"मोटर हाय," मेहुणा म्हणाला. "रातचं पाणी पाजतंय कोणतरी. फूटव्हॉल्व्ह गेलाय तिचा." (फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाची झडप.)

"लाईट गेलीय ना गावाची."

"मग डिझेल इंजान."

मला ते बेडूक वाटलं. वळीव नुकताच झालेला, उताराला पाणी साचलेलं, सगळं जुळत होतं. पण बेडूक खालून ओरडतो आणि हा आवाज खालून येत नव्हता. खात्री करायला दोन्ही हात कानांमागं धरून मान हळूहळू फिरवली. रात्रीचा आवाज शोधायला याहून स्वस्त साधन नाही. हात धरला की कान हत्तीचे होतात. आवाज वरून येत होता, झाडाच्या शेंड्याच्या आसपास. मग डांबरी रस्त्यानं शंभरेक पावलं चालून दुसऱ्या बाजूनं ऐकायचं ठरवलं, म्हणजे दोन दिशा जिथं छेदतात तिथलं झाड सापडेल. मावशी आतून ओरडल्या, "आवं, रस्त्याला गवं बसत्यात रातचं. कुटं निघालासा?" तीस पावलांत बेत आटोपला.

तेव्हा मोजायला बसलो. अकरा वेळा कू-ऊक झालं, मग गप्प. मिनिटभरानं पुन्हा, चौदा वेळा. मग आठ. "मोटर अशी थांबती का?" मी विचारलं. मेहुण्यानं मान्य केलं नाही, पण गप्प बसला.

आता खरी गोष्ट कबूल करतो. मोजत होतो तेव्हा मनात एकच नाव घोळत होतं: फ्रॉगमाउथ. श्रीलंका फ्रॉगमाउथ. पश्चिम घाटात आणि श्रीलंकेत राहणारा, बेडकासारख्या रुंद तोंडाचा पक्षी. दिवसा वाळक्या पानांच्या घोसात वाळकं पान होऊन बसतो. दोन हातांवर असला तरी दिसत नाही. फांदीवर तळहाताएवढं घरटं, बाहेरून दगडफूल चिकटवलेलं, त्यात एकच अंडं, आणि दिवसा त्यावर बसतो तो नर. पक्षी बघणाऱ्या प्रत्येकाची याच्यावर नजर असते. माझीही आठ वर्षं आहे. त्यामुळं अंधारात जे काही अनोळखी वाजेल ते फ्रॉगमाउथच असावं, अशी माझ्या कानांची तयारी झाली होती. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. इथं ते कानी वाजत होतं.

मोबाईलवर मर्लिन ॲप होतं. आवाजावरून पक्षी सांगणारं, कॉर्नेलवाल्यांचं. पण आपल्याकडच्या पक्ष्यांचा पॅक घरूनच उतरवून घ्यावा लागतो, आणि तो मी घेतला नव्हता. साध्या रेकॉर्डरवर सहा मिनिटं टिपली. (रेंज असती तर फ्रॉगमाउथचा आवाज लावून "बोलावून" बघितलं असतं का? नसतं. विणीच्या दिवसांत आपल्याच जातीचा आवाज ऐकून पक्षी प्रतिस्पर्धी आला समजून हैराण होतो, घरटं सोडून भांडायला येतो. तरी लोक स्पीकर घेऊन फिरतात, याचा मला राग आहे.)

सकाळी चुलीपाशी मावशींना तो आवाज तोंडानं काढून दाखवला. मेहुणा हसून आडवा झाला. मावशी मात्र हसल्या नाहीत. "घुबाड हाय त्ये. पाऊस येणार असला की लई वरडतंय."

मी मान डोलावली आणि मनातून सोडून दिलं. घुबड म्हटलं की मला घू-घू हवं होतं, नाहीतर आमच्या गल्लीत पत्र्यावर बसून भांडणाऱ्या पिंगळ्याची किचकिच. हे इतकं गोड, इतकं मोजून मापून बोलणारं घुबड कसं असेल?

कोल्हापूरला आलो त्या रात्री हेडफोन लावून बसलो. झेनो-कँटो नावाची साइट आहे, २००५ पासून जगभरचे लोक तिथं पक्ष्यांचे आवाज टाकतात. फ्रॉगमाउथची एकामागून एक रेकॉर्डिंग ऐकली. नराचं भरभर खालच्या पट्टीत उतरत जाणारं खळखळणं, मादीचं खरखरीत किंचाळणं. माझा आवाज दोन्हींत कुठंच बसेना. तरी मी ऐकत राहिलो. एखादा तरी फ्रॉगमाउथ आजारी असेल, कू-ऊक म्हणत असेल, या आशेवर.

मग माझ्या रेकॉर्डिंगचं ध्वनिचित्र काढलं, म्हणजे आवाजाचा आलेख: बारीक सूर वर, जाड सूर खाली. वर रातकिड्यांचा जाड सलग पट्टा, त्याखाली बेडकांचे ठिपके, तिसऱ्या मिनिटापासून मेहुण्याच्या घोरण्याचे ढग आणि अगदी तळाशी, एकसारख्या अंतरानं, शेपूट वर केलेले छोटे आकडे, हुकासारखे. हे आकडे घेऊन घुबडांच्या पानांवर गेलो. पाचव्या-सहाव्या प्रयत्नात तेच आकडे समोर आले. ब्राऊन बूबुक. पूर्वी याला ब्राऊन हॉक-आऊल म्हणायचे, कारण दिसायला घुबडापेक्षा शिक्र्याकडं, म्हणजे छोट्या शिकारी पक्ष्याकडं, झुकतं: लांब शेपूट, पिवळे डोळे, आणि घुबडाच्या चेहऱ्यावर असते ती तबकडी जवळजवळ नाहीच. संध्याकाळी मोठे किडे, भुंगेरे पकडतं. बूबुक हे नाव ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांनी तिथल्या त्याच्या भावकीला दिलेलं, आवाजावरूनच. आणि दोन सुरांची साद सहा ते वीस वेळा देऊन थांबायचं, ही त्याची रीतच. अकरा, चौदा, आठ.

दुर्मीळ वगैरे काही नाही. देशभर जिथं दाट झाडी तिथं असतं. घटकाभर हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून सहा मिनिटं ऐकली, आणि या वेळी पहिल्यांदा ते जसं होतं तसं ऐकू आलं. मावशींना फोन केला. "सांगितलं न्हवं का," एवढंच म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी रात्री साडेअकराला मेहुण्याचा फोन. रानात होता, पाण्याची पाळी. कुजबुजत म्हणाला, "दाजी, तुमचं घुबाड आलंय हिकडं. ऐका, धरतो फोन."

दोन मिनिटं कान लावून ऐकलं, मोजून बघितलं. साठच्या पुढं गेलं तरी थांबेना. मोटर होती, आणि फूटव्हॉल्व्ह खरंच गेलेला होता.