निकालाचा दिवस आणि १४१ पाने

राजकीय बातमीदारी सोडून मी राज्यशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा दोन्ही कामे मुळात एकच आहेत, अशी माझी समजूत होती. ती ११ मे २०२३ रोजी बरीचशी ढासळली. शिवसेनेच्या शिंदे आणि ठाकरे गटांमधील, महाराष्ट्रातील सत्तासंघर्षावरील सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल त्या दिवशी येणार होता, आणि उन्हाळी सुट्टी असूनही काही संशोधक विद्यार्थी विभागात येऊन बसले होते. त्याच पीठाने त्याच दिवशी दिल्ली सरकार आणि नायब राज्यपाल यांच्यातील अधिकारांच्या वादाचाही निकाल दिला. संघराज्याच्या अभ्यासकासाठी तो तितकाच मोलाचा होता, पण आमच्या समोरच्या मराठी वाहिनीवर त्याची फारशी विचारपूस झाली नाही.

महाराष्ट्राच्या निकालातील निष्कर्ष बाहेर येऊ लागताच पडद्यावर शिंदे सरकार तरल्याची पट्टी फिरू लागली आणि पाठोपाठ ठाकरे गटाच्या नैतिक विजयाचीही. एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. “एका ओळीत सांग, जिंकलं कोण?” त्याचा प्रश्न चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. सरकार राहणार की जाणार, हे वाचकाला सर्वांत आधी हवे असते आणि ते सांगणे हे बातमीदाराचे पहिले कर्तव्यच आहे. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २९ जून २०२२ रोजी बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्यामुळे न्यायालयाला पूर्वस्थिती आणता येत नव्हती. मात्र ती चाचणी घेण्यास सांगण्यासाठी राज्यपालांकडे पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असेही न्यायालयाने त्याच निकालात म्हटले होते. मी त्याला ही दोन्ही वाक्ये सांगितली. त्याने बहुधा पहिलेच घेतले असावे. मथळ्यात दोन्ही मावत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे.

आम्ही निकालपत्राच्या १४१ पानांकडे वळलो तेव्हा खरा वर्ग सुरू झाला. प्रतोदाविषयीच्या, म्हणजे सभागृहात पक्षाचा आदेश बजावणाऱ्या आमदाराविषयीच्या, भागावर एका विद्यार्थिनीने बोट ठेवले. प्रतोद आणि सभागृहातील नेता नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे पक्षाच्या निवडून आलेल्या आमदारांच्या गटाचा, नसून राजकीय पक्षाचा आहे आणि म्हणून विधानसभा अध्यक्षांनी शिंदे गटाचे प्रतोद भरत गोगावले यांच्या नेमणुकीला दिलेली मान्यता बेकायदा ठरते, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. तिने विचारले, “सर, मग वर्षभर सगळे ३७ आमदार, ३७ आमदार म्हणत होते, ते कशासाठी?”

प्रश्न नेमका माझ्या जुन्या धंद्यावर होता. विधानसभेत तेव्हा शिवसेनेचे ५५ आमदार होते आणि त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३७. जून २०२२ मध्ये आमदार सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हा सगळ्या बातम्या या आकड्याभोवती फिरत होत्या, कारण हॉटेलच्या दारात उभे राहून मोजता येते ते डोकेच. पण राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातील, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातील, दोन तृतीयांशांची तरतूद दुसऱ्या पक्षातील विलीनीकरणासाठी आहे. आमदार नुसते वेगळे बसले म्हणून ती लागू होत नाही. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला तेव्हा एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला त्यात संरक्षण होते आणि १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले, तेव्हा त्याच हिशेबाची चर्चा झाली होती. ती तरतूद २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने वगळली गेली. अपात्रतेला सामोरे जाणाऱ्या सदस्याला फुटीचा बचाव आता घेता येणार नाही, हे न्यायालयाने या निकालातही पुन्हा सांगितले. कायदा बदलून जवळपास वीस वर्षे झाली तरी बातमीची भाषा मात्र ‘फुटी’चीच राहिली.

माझ्या मते याचे मूळ बातमीदारांच्या अज्ञानात कमी आणि कामाच्या पद्धतीत जास्त आहे. विधान भवनाच्या आवारात आमदार भेटतो, बोलतो, नाव न छापण्याच्या अटीवर माहिती देतो; पक्षाची घटना कोणी भेटून बोलत नाही. त्यामुळे राजकीय पक्ष म्हणजे त्याचे आमदार, हे समीकरण आपसूक रुजते, आणि न्यायालयाने तर नेमके तेच नाकारले होते.

“मग खरा पक्ष कोणता, हे ठरवणार कोण?” तिचा पुढचा प्रश्न. न्यायालयाने तो आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला होता, वाजवी मुदतीत निकाली काढण्याच्या अपेक्षेसह. ही मुदत किती, यावर आमचा वाद संध्याकाळपर्यंत चालला. बातमीदार म्हणून मी सांगितले की, सोयीचे असेल तितकी. दोन विद्यार्थ्यांनी मात्र जुने निवाडे काढून माझ्याशी चांगलेच भांडण मांडले. अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला. त्यांनी शिंदे गटालाच खरी शिवसेना ठरवले आणि दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र केले नाही. त्या निर्णयात विधिमंडळातील बहुमताला किती वजन दिले गेले, हाच त्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातील एका प्रकरणाचा विषय आहे.