धुक्यातली उसाची ट्रॉली

माझी सतरा फुटी आयशर आहे, भाडी सातारा-कोरेगाव भागातली. आमच्याकडं घरटी एक जण तरी फौजेत, त्यामुळं वर्षातून तीन-चार वेळा कुणीतरी रिटायर होऊन गावी यायला निघतं आणि मला फोन येतो, सामान आणायचंय. मागच्या जानेवारीत असाच फोन आला, अंबाल्याहून एका सुभेदार साहेबांचा. सांगोल्याचं डाळिंब भरून आझादपूर मंडीत जाणारच होतो, म्हटलं रिकामी गाडी दिल्लीहून पुढं दोनशे किलोमीटर नेतो आणि तुमचं सामान घेऊन येतो. अंबाला ते सातारा म्हणजे साधारण पावणेदोन हजार किलोमीटर.

फौजी माणसाचं सामान भरायला सोपं असतं खरं. काळ्या लोखंडी ट्रंका, त्यावर पांढऱ्या रंगात नाव-नंबर, तळाला त्याच जातात, एकावर एक नीट बसतात. मग फ्रिज उभाच, कपाटं, बुलेटचं पेट्रोल काढून खाली जुना टायर आणि दोन्ही बाजूनं दोर. टीव्हीला तीन रजया गुंडाळल्या, काचसामान भाताच्या पेंढ्यात. स्वयंपाकाची भांडी मी कायम सगळ्यात शेवटी, फाळक्याजवळ ठेवतो, कारण घरी पोचल्यावर पहिला चहा करायचा असतो. वरून आधी प्लास्टिक आणि मग ताडपत्री, कारण तिकडच्या धुक्यात रात्रभर ताडपत्रीवरनं पाणी गळतं, पाऊस पडल्यासारखं.

वहिनी आणि मुलं आदल्या दिवशी झेलमनं निघून गेली होती, साहेब माझ्याबरोबर केबिनमध्ये येणार होते. सकाळी दहाला निघायचं ठरलं होतं, पण क्वार्टर हँडओव्हर करायला रात्र झाली. नऊ वाजता थंडी चार-पाच डिग्रीची असंल. माझं मन म्हणत होतं आज नको, उद्या ऊन पडल्यावर निघू, पण साहेबांच्या नव्या घराची वास्तुशांत रविवारी होती, पाव्हण्यारावळ्यांना निमंत्रणं गेली होती, आणि ते म्हणले, "पाव्हणं, हळूहळू जाऊ की." आणि मी स्टार्टर मारला. ही चूक माझी होती, गाडी माझी म्हणजे निघायचं का थांबायचं हे मीच ठरवायला पाहिजे होतं.

शहाबादपर्यंत ठीक होतं. पुढं पिपली गेलं आणि धुकं असं काही खाली बसलं की बोनेटच्या पुढचं दिसंना. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, ते आपल्या महाबळेश्वरच्या धुक्यासारखं नसतं, ते हलतच नाही. हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून डिपर खाली, पिवळे फॉगलाइट चालू, आतनं काचेला तंबाखू चोळलेली आणि दोन्ही खिडक्या उघड्या, कारण तिथं डोळ्यापेक्षा कानावर जास्त चालवावं लागतं. कडेची पांढरी पट्टी धरून वीसच्या स्पीडनं चाललो होतो, पुढचा ढाबा आला की गाडी आत घालायची एवढंच डोक्यात.

आणि आमचा क्लीनर, अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं, एकदम म्हणलं, "दादा, उसाचा वास येतोय."

मी ब्रेक दाबला. कोरेगावात जन्म गेलेल्या माणसाला तोडलेल्या उसाचा वास कळतो. गाडी थांबली तेव्हा समोर दहा फुटांवर उसाची मोळी होती, ट्रॉली नव्हे, नुसता ऊस, कारण ऊस मागं एवढा बाहेर आला होता की फाळका, लाईट काही असलंच तरी सगळं त्याच्याखाली झाकून गेलं होतं. एक्सल तुटून ट्रॉली डाव्या लेनमध्ये उभी, आणि ट्रॅक्टरपाशी शाल गुंडाळून एक पोरगा मोबाईलचा टॉर्च हलवत होता. तो टॉर्च मला ब्रेक मारेपर्यंत दिसला नव्हता.

मी गाडी ट्रॉलीच्या पुढं नेऊन पार रस्त्याच्या खाली कच्च्यात घेतली. मागनं गाड्या येतच होत्या, आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. साहेब काही न बोलता उतरले, फाळक्याजवळची ताडपत्री सोडली आणि आतनं पितळेची मोठी परात आणि डाव काढला. मला आधी कळंनाच काय करतायत. मग आम्ही तिघं रस्त्याच्या कडेनं, रेलिंगच्या पलीकडनं, मागं दीडशे पावलं चालत गेलो आणि साहेबांनी परात वाजवायला सुरुवात केली. क्लीनरनं बॅटरीवर लाल गमछा धरला. खिडक्या उघड्या ठेवून चालवणारा प्रत्येक ड्रायव्हर ते ऐकणार होता, आणि त्यांनी ऐकलं, गाड्या स्लो होऊन उजवीकडनं जायला लागल्या. मी ११२ ला फोन केला, मग हायवेच्या १०३३ ला.

एका बसचा मात्र स्पीड जास्त होता. तिचे टायर करकचून वाजले आणि ती आमच्या समोरनं तिरकी होऊन उजव्या लेनला गेली, खिडकीतली झोपलेली माणसं मला दिसली एवढ्या जवळनं. परात क्षणभर थांबली, आणि परत सुरू झाली.

सव्वा तासानं पेट्रोलिंगची गाडी आली, कोन लावले, क्रेन आली. साहेबांच्या बोटांना थंडीनं वळायला येईना, डाव मी सोडवून घेतला हातातनं. मग ढाब्यावर गेलो आणि सकाळचे अकरा वाजेपर्यंत तिथनं हललो नाही, या वेळी त्यांनीही रविवारचं नाव काढलं नाही. पुढं कुंडलीहून केएमपी, म्हणजे दिल्लीला बाहेरनं वळसा घालणारा एक्सप्रेसवे, मग जयपूर, अजमेर, उदयपूरला ताडपत्री सोडून सामानाला वारा दिला, कारण थंडीतनं गुजरातच्या उन्हात गेलं की आत घाम धरतो आणि लाकडाची फळी फुगते. सोमवारी पहाटे खंबाटकी चढलो. वास्तुशांत वहिनींनी दिरांच्या हातनं आदल्या दिवशी करून घेतली होती.

मला त्या पोराचा राग आला नव्हता, तो मालकाची ट्रॉली ओढत होता. पण परत आल्यावर पहिल्या रात्री मी कारखान्याच्या रस्त्यानं गेलो आणि आपल्याच ट्रॉल्या, टायरच्या बैलगाड्या बघितल्या, तशाच, ऊस मागं लोंबतोय आणि लाईट दिसत नाही. आपल्याकडं धुकं कमी, अंधार तेवढाच आहे, आणि दर सीझनला कुणीतरी मोटारसायकलवाला मागनं आत घुसतो. आमच्या भावकीतला एक गेलाय असा.

तेव्हापासनं केबिनमध्ये रिफ्लेक्टर टेपचे रोल असतात, मागं लाल, पुढं पांढरी, बाजूला पिवळी. फाळक्याला लावून उपयोग नाही, ऊस बाहेर आला की झाकते, म्हणून एका गोणपाटावर लाल टेप शिवून घेतो आणि ते उसाच्या टोकाला सुतळीनं बांधतो. काट्यावर रांगेत थांबलेल्या गाड्यांना जाऊन देतो, बैलगाडीवाले बीडकडचे असतात, ते आधी विचारतात किती पैसे, मी म्हणतो पैसे नको, फक्त रिकामी करताना सोडून ठेव आणि परत बांध. गोणपाटं वहिनी, साहेबांच्या मिसेस, शिवून देतात.